रविवारी लॅपटॉप मिळणार नाही

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
डिसेंबर २००८

सौ. विहीणबाई आनंदीताई यांना अनसूयेचा वाकून नमस्कार (वाकताना कमरेत उसण भरते, तरी वाकले आहे, याची नोंद घ्यावी).

इकडे सगळे ठीक. तुमची नात आता मूठ अख्खी तोंडात घालायला बघते आणि ती जात नाही म्हणून घर डोक्यावर घेते. हा हट्ट कोणाकडून आला त्यावर मी काही बोलणार नाही. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरतो असं अमोलराव म्हणाले, तर त्याला निरगुडीचा शेक द्यावा. व्याह्यांचा खोकला कसा आहे? फोन करायचा सोडून ही बाई पत्र का लिहीत बसली, असं तुम्हाला वाटलं असेल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो ना, हो ना" करते, आणि माझी पाळी आली की तुमच्या कुकरची शिट्टी होते. पत्राला शिट्टी नसते.

तर अमोलरावांकडून तुमचा निरोप पोचला. (त्यांनी तो मऊ करून सांगितला, मी पुन्हा कडक करून घेतला.) बाळंतिणीच्या खोलीत यंत्र कशाला, आणि ज्यांना वापरता येत नाही त्यांच्या घरी ते राहिलं तर शेवटी भंगारच हाती येईल, म्हणून रविवारी अमोल येईल तेव्हा लॅपटॉप त्याच्याकडे द्यावा. लॅपटॉप मिळणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. मनालीच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलंय, की या महिन्याचे विम्याचे फॉर्म घरून भरून पाठवलेस तर तुझी खुर्ची तुझी, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. नोकरी गेली तर गेली, अमोल कमावतोय, असं तुम्ही म्हणालात. अमोलराव कमावतात याचा आम्हाला आनंदच आहे. पण ती खुर्ची माझ्या मुलीने स्वतः मिळवली आहे आणि ती बाळंतपणात जाऊ द्यायला मी तयार नाही.

आता लॅपटॉपचं काय झालं ते माझ्या तोंडून ऐका, कारण तुमच्यापर्यंत ते कोणत्या रूपात पोचलं कोण जाणे. मनाली मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत होती. मी अळिवाची खीर घेऊन गेले. ती म्हणाली, आई, ठेव. मी ठेवली. आता मांडीवर लॅपटॉप असलेल्या माणसाने "ठेव" म्हटलं तर कुठे ठेवायची, हे त्याने सांगायला नको का? तेवढ्यात बाळ रडलं, मनाली उठली आणि खीर बटणांत गेली. मी लगेच पुसली, पण अळीव तुम्हाला ठाऊकच आहे, ओला झाला की फुगतो आणि चिकटला की सुटत नाही. संध्याकाळपर्यंत एकेक दाणा फुगून बटणं वर उचलली गेली. एवढा जोमदार अळीव भाईंदरच्या बाजारात मिळत नाही, तो तुम्ही रोह्याहून पाठवला होता. मी कोणालाही दोष देत नाही, फक्त अळीव कोणाचा होता ते सांगते.

मग मी रिक्षा करून सिल्व्हर पार्कला गेले, तिथे सूरज नावाचा एक पोरगेला दुरुस्तीवाला बसतो. त्याने बटणं उपसली, आत बघितलं, आणि माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत म्हणाला, "आंटी, ये मछली का अंडा है क्या?" आता अळिवाला हिंदीत काय म्हणतात ते मला येईना. बच्चा होने के बाद खाने का, एवढं मी सांगितलं, तर तो आणखीच गोंधळला. पण हाताचा बरा. दोन दिवसांनी मशीन साफ करून दिलं, पडदा उजळलेला दाखवला, आणि मी खुशीत घरी आले. घरी मनालीने बोटं चालवली तर पडद्यावर काही नाही. एकही अक्षर नाही. आत ओल राहिली असेल म्हणून बाळाला ओव्याची धुरी देताना मी मशीनलाही थोडी दिली. (यावर मनाली जे बोलली ते तिच्या सासूला कळवण्यासारखं नाही.) अमोलरावांनी फोनवरूनच मदरबोर्ड गेला असं निदान केलं. मी पुन्हा सिल्व्हर पार्क गाठलं. सूरजने टकटक करून बघितलं, कीबोर्ड गेला म्हणाला, नवीन मागवतो, आठवडाभर मशीन इथेच ठेवा. मी म्हटलं, मशीन इथे आणि महिना तिथे संपेल, त्याचं काय? आणि उचलून परत आणलं.

त्या दुपारी मनाली रडली. बाळाला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली आणि म्हणाली, जाऊ दे आई, त्यांच्याच मनासारखं होऊ दे. ताई, ते ऐकून माझं डोकं फिरलं. ती झोपल्यावर मी त्या यंत्रापुढे बसले आणि एक बटण दाबून धरलं, आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं बटण लिफ्ट येईपर्यंत दाबून धरते तसं. अक्षर आलं. दुसरं दाबून धरलं, तेही आलं. मी मनालीला उठवलं. तिनेही दाबून धरून पाहिलं, पण तिच्या बोटांना थांबायची सवय नाही, शिवाय मांडीवर तुमची नात. अमोलरावांनी हात लावला तरी त्यांना काही यायचं नाही, कारण ती माणसं बटणाला नुसतं शिवतात आणि पुढे जातात. या यंत्राला मान देऊन दाबावं लागतं, आणि अख्ख्या घरात तसं दाबणारी मी एकटी आहे.

तेव्हापासून असं चाललंय, की मनाली बाळाला पाजत फॉर्म वाचते आणि मी टाइप करते. इंग्रजी मॅट्रिकपुरतंच, पण नाव, पत्ता, पिनकोड यांना कितीसं लागतं? रोज दुपारभर बसते. कोणाच्या पत्त्यात "मारुती मंदिराच्या मागे" असलं की बोट दुखतं, पण लिहिते. आमचे हे पिठलं करायला शिकले आहेत (रोज तेच करतात). तेव्हा ज्यांना वापरता येत नाही असं जे तुम्ही म्हणालात, ते कृपा करून मागे घ्यावं. अमोलरावांनी रविवारी जरूर यावं, मुलीला खेळवावं, जेवून जावं, आणि रिकाम्या हाताने जावं. तुम्हाला राग आला तर येऊ दे. मला तो आधीच आला आहे.

व्याह्यांना नमस्कार. गुडघ्याची हेळसांड करू नये.

तुमची,
अनसूया

ता.क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहिते. महिन्याचे सगळे फॉर्म गेले. मॅडमचा फोन आला, खुर्ची राहिली. बाळंतपणातही एक चूक नाही म्हणून मनालीची तारीफ केली. ती ऐकताना मनाली माझ्याकडे बघत होती.

ता.क. दुसरा. पुढच्या महिन्याचेही आले आहेत. यांनी बाळाला घेतलं की ती यांच्या मिशा बघून किंचाळते. तेव्हा विनंती अशी, की तुम्हीच इकडे या. रविवारी अमोलराव रिकामे जातील, पण येताना तुम्हाला घेऊन येऊ देत. महिना, दोन महिने, राहवेल तितकं राहा. सवा महिना झाला की नात घरी आणा, नात घरी आणा, असं तुम्ही का म्हणत होतात, ते मला कळत नाही असं समजू नका. तुम्हाला ती मांडीवर हवी आहे. मांडीची जागा इथे रिकामीच आहे.

ता.क. तिसरा, आणि हा वाचून फाडावा. काल मशीन काखेत मारून भांडायला म्हणून सूरजकडे गेले होते. तो हसत सुटला. म्हणे त्याच्याकडून पुसताना शिफ्टचं बटण बराच वेळ दाबलं गेलं, मशीनने पडद्यावर काही विचारलं त्याला त्याने न वाचताच हो केलं, आणि तेव्हापासून मशीन फक्त दाबून धरलेलीच अक्षरं घेत होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तसंच झालं तेव्हा त्याला कळलं. तसंच शिफ्ट दाबून धरून त्याने ते बंद केलं, आणि अमोलराव नुसते शिवले तरी चालतील अशी बटणं झाली. मी त्याच्याकडून ते परत चालू कसं करायचं तेही शिकून घेतलं, आणि घरी पोचायच्या आधी रिक्षातच केलं. मनालीला सांगितलेलं नाही. लग्नाआधी मला टायपिंगचा क्लास लावायचा होता, वडिलांनी शिवणाचा लावला. आता कुठे माझा हात बसतोय. तेव्हा आनंदीताई, तुम्हीही सांगू नका. ज्या दिवशी तिला कळेल, त्या दिवशी मी परत ओट्यापाशी आणि तुम्ही परत रोह्याला.