धूर दिसू नये म्हणून

२२ ऑगस्ट १९५४, रविवार

पुराचं पाणी अंगणातून गेलं, नाला मात्र अजून दुथडी. विहिरीत गाळ, वर मेलेली कोंबडी. आ.बा. (सासूबाई हो, आणखी कोण) म्हणाल्या, कोंबडी काढली ना, मग झालं. झालं म्हणे! मी मॅट्रिकला आरोग्यशास्त्र शिकले त्याचा सासरी उपयोग एवढाच, की भांडायला मुद्दे मिळतात. पाणी गाळून, उकळून एक घागर वेगळी ठेवली. लेकीला, शकूला, तेच देते.

हे वर्ध्याला कचेरीत. पुराच्या आधीच गेले. नशीबवान.

खालच्या आळीत दोघांना ढाळ-उलटी.

२३ सोमवार

त्यातला म्हातारा गेला. पटकीच आहे, पण तो शब्द कोणी काढत नाही. 'माय आली' म्हणतात.

दिवसभर आमच्या ओट्यावर बैठक. मामाजी गावचे पाटील, म्हणजे सासरे घरात आणि सासरे गावातही. ठरलं काय, तर गाव बांधायचं. मरीमायला गाड्यात बसवून शिवेपार न्यायचं. शिवेभोवती दोरा, वेशीला कडुनिंबाचं तोरण. गाडा पार होईस्तोवर कोणी आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही, आणि गावात चूल पेटवायची नाही. धूर दिसला की माय मागे फिरते.

एरवी हे एका दिवसाचं काम. सकाळी बांधलं, संध्याकाळी सुटलं. आ.बा. म्हणाल्या, एक दिवस उपास समज.

२४ मंगळ.

गाडा वाजतगाजत निघाला आणि नाल्यापाशी अडला. अडणारच, आमची शीव म्हणजे नालाच. एवढ्या शहाण्या माणसांत कोणालाच सुचलं नाही? दाराआडून मामाजींना विचारलंच.

"सुचलं होतं," म्हणाले. "पन तवा दोरा बांधून झाल्ता."

बांधलेला दोरा मधेच सोडला तर म्हणे गावच बुडतं. म्हणजे माय नाल्याकाठी, आम्ही घरात आणि पाऊस पुन्हा सुरू. लाह्या, गूळ, भिजवलेली डाळ. उकळलेलं पाणी अर्धी घागर उरलंय. आ.बा.नी मागितलं, मी नाही म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. रागावल्या. रागावू देत.

२५ बुध.

हे आले! म्हणजे नाल्याच्या पलीकडच्या काठावर. सोबत सरकारी कंपाउंडर, सुया नि औषधांची पेटी. मला जाऊ दिलं नाही. कोतवालानं येऊन सांगितलं तेवढंच. पलीकडचा एक कोळी पेटी डोक्यावर घेऊन पोहत यायला तयार होता. मामाजींनी इकडून हात हलवून परत फिरवला. दोरा! ह्यांनी ओरडून एकच सांगितलं म्हणे, पाणी उकळून पाजा, दुसरं काही पाजू नका.

उकळून. कशावर?

हे परत गेले नाहीत, पलीकडे बाभळीखाली बसून आहेत. मामाजी आल्यावर लाह्यांना हात न लावता उठले. मला त्यांची कीव येत नव्हती, खरं सांगते.

दुपारी गोदीच्या झोपडीतून धूर निघाला. गोदी आमच्या वावरात निंदणाला येते. तिची ठमी शकूच्याच वयाची, कालपासून आजारी. पोरीसाठी कण्यांची पेज करत होती. मामाजींनी कोतवालाला धाडलं. त्यानं चुलीत पाणी ओतलं. गोदीचं ओरडणं इथपर्यंत ऐकू आलं.

२६ गुरु.

ठमी गेली. पुरायलासुद्धा शिवेबाहेर नेता येईना, वेशीच्या आत खड्डा खणला.

घागर काल संध्याकाळीच संपली. शकू पाण्यासाठी रडून रडून थकली, तेव्हा विहिरीचंच दिलं, चार पदरी फडक्यातून गाळून. आणि आज सकाळी तिला

दुपार. तीनदा झालं. एकदा उलटी. आ.बा.नी अंगारा लावला. मीही नको म्हटलं नाही. तिचे डोळे खोल गेलेत.

२७ शुक्र.

मागच्या कोठीत तीन विटा मांडल्या. कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या, धूर फार. गोणपाट भिजवून झरोक्याला लावला. पितळी गंजात पाणी उकळलं. खोकला दाबून दाबून छाती दुखतेय. चिमटीभर मीठ टाकलं आणि चमच्याचमच्यानं पाजत बसले. निम्मं उलटलं, निम्मं राहिलं.

संध्याकाळी दार उघडून मामाजीच उभे. कोठीत मी, जाळ, मांडीवर शकू. डोक्यावरून पदर केव्हाच पडलेला, तो घ्यायचं भानही नव्हतं. विझवा म्हणाले असते तर मी काय केलं असतं देव जाणे, हातात जळकी पऱ्हाटी होती. शकूकडे बघत राहिले. मग दार ओढून बाहेरून कडी लावली.

मला कोंडलं की लपवलं? कडीचा आवाज दोन्हीला सारखाच.

२८ शनि., पोळा

सकाळी आ.बा.नी कडी काढली. दाराशी घागर आणि कोरड्या पऱ्हाट्यांची मोळी. कोणी ठेवली विचारलं, तर म्हणाल्या, जे असल थे जाळ. पोळ्याचा दिवस, आणि गोठ्यात बैल कोरडेच उभे. झुली नाहीत, पुरण नाही.

शकूला पहाटेपासून उलटी नाही. एकदा स्वतःहून पाणी मागितलं. मला इतका आनंद झाला की मी जाळ वाढवला. कौलांतून धूर वर जातोय, हे ध्यानातच आलं नाही.

आता ओट्यापुढे लोक जमलेत. मी कोठीतूनच ऐकतेय, ऐकता ऐकताच लिहितेय, नाहीतर वेड लागेल. कोतवाल विचारतोय, पाटील, घरामांगून धूर दिसून राह्यला, कोनाचा?

मामाजी म्हणाले, "माह्याच घरचा हाय. मले कालपासून ठाऊक हाय."

वाटलं, पाटलाच्याच घरी चूल पेटली, म्हणजे गाव सुटलं. आता तो कोळी येईल, पेटी येईल, हे येतील. मी शकूला उचलून घेतलं.

तेवढ्यात गोदीचा आवाज. ओरडली नाही. कामाला किती वाजता येऊ विचारते, तसाच आवाज.

"मंग पाटील, माही काऊन इझवली?"

शकूला घेऊन माजघराच्या दाराआडून पाहिलं. मामाजी ओट्यावर उभे आहेत, गोदी खाली. लोकांतलं कोणी हलत नाही. गोदी त्यांच्याकडेच बघतेय. शकू पाणी मागतेय आणि गंजातलं अजून निवलेलं नाही.