बगळ्याच्या घरावर आणखी एक डाव

माय, परवा वरोऱ्याच्या एका रद्दीवाल्याकडे शाळेच्या जुन्या नकाशांखाली आपला खेळ सापडला. तोच सापशिडीसारखा छापील तक्ता. घराघरांत गोष्टींतली जनावरं, काठी तोंडात धरून उडणारं कासव, द्राक्षांकडे बघणारा कोल्हा आणि चोचीत मासा धरलेला बगळा. मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले.

मी सहा वर्षांची होते, कावीळ झाली होती, अजून वाचता येत नव्हतं. तू नागभीडच्या बाजारात मासोळी विकून आलीस आणि टोपलीतून हा तक्ता काढलास. ओंजळभर झिंगे देऊन घेतला होतास. सोबत फासे नव्हते, म्हणून तू चिंचोके फोडलेस. नियम तुलाही वाचता येत नव्हते; चित्रं बघून तूच ते ठरवलेस. गोष्टीतलं कासव तोंड उघडल्यामुळे पडतं, म्हणून त्या घरावरचा खडा खाली यायला हवा होता, पण तू म्हणायचीस, "राहू दे तिथीच. बोलावंसं वाटलं बिचाऱ्याले." आणि माझा खडा बगळ्यावर आला की, "बगळा दिसला मंजे पानी हाये, मासोळी हाये. घे आनखी एक डाव!" अंथरुणात पडून मी किती हसले त्या महिन्यात.

दुसरीत गेल्यावर मी तक्ता वाचला. 'लबाड बगळा. पाच घरे मागे जा.' शेजारच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी ओरडले, "माय, तुले वाचता येत नाई! तू मले खोटं खेळवलं!"

तू जाळं सांधत होतीस. तुझा हात थांबला. मला वाटलं, आता मार बसणार. तू एवढंच म्हणालीस, "ज्यानं हे लिवलं ना पोरी, त्यानं तळं नसंल पाह्यलं."

पुढच्या बाजारातून तू काडेपेटीचं लेबल आणलंस, सिंह आणि उंदराचं. मग दर आठवड्याला काहीतरी येऊ लागलं. पुडीचा कागद, नाहीतर वाण्याकडून मागून घेतलेलं जुन्या कॅलेंडरचं पान. "वाच, काय लिवलं हाये." मी वाचायचे, आणि मग तू तुझी गोष्ट सांगायचीस. ती नेहमी छापलेल्यापेक्षा चांगली असायची.

आज चंद्रपूरच्या घरात अशा कागदांनी दोन कपाटं भरली आहेत. लोक बघायला येतात, मला जाणकार म्हणतात. मी त्यांना सांगते, आधी चित्र बघा, अक्षरं मागाहून. हे माझ्या मायनं शिकवलं, असंही सांगते.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही. पोचलं असतं तरी तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. मी दहावीत असताना एका कागदावर बोट ठेवून तू विचारलं होतंस, "हे अक्षर कोनतं? मले शिकवतेस का?" मी म्हणाले, "परीक्षा होऊ दे." तू पुन्हा विचारलं नाहीस. मी विसरले, असं तुला वाटलं असेल.

परीक्षा संपली त्या दिवशी मला आठवत होतं, माय.