तलावामागच्या रस्त्याची श्रेणी

३ जून
तलावामागचा रस्ता कुणालाही बदलता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर ‘वस्तीतला’ होता, आज ‘दुय्यम’ केला, म्हणजे ये-जा करायचा. मेन सर्जापूर रोड तुंबला की सगळे तिकडूनच घुसतात. आमच्या हौशी नकाशावाल्यांतला सीनियर व्यंकटेश नेहमी सांगतो, रुंदी बघू नकोस, रस्ता काय जोडतो ते बघ. पटलं. दिवसभर उगाच खूश.

१९ जून
वाट दाखवणाऱ्या ॲप्सनी बदल उचलला. कॅब, टँकर, स्कूलबस, सगळं तलावामागे. वळणावर इडल्या विकणारी सरोजाक्का म्हणाली, “एनु सर, अचानक कुठून येतात एवढ्या गाड्या? चटणीत धूळ!”
पार्सल घेऊन निघालो.

२ जुलै
सकाळी टँकरने सरोजाक्काला उडवलं. तिच्याच इडलीच्या गाडीपाशी. पाय
ऑफिसला गेलो नाही.

४ जुलै
रस्ता परत ‘वस्तीतला’ केला. तासाभरात व्यं.ने तो बदल उलटवला. फोनवर म्हणाला, “वाईट मलाही वाटतंय. पण नकाशा म्हणजे माफीनामा नाही. वाहतूक आहे, तर आहे.”
“ती आपणच आणली ना! तुला तिकडे लांब इंदिरानगरात बसून काय कळणार?”
फोन ठेवला त्याने. आठ वर्षांची मैत्री.

६ जुलै
हॉस्पिटल. उजवा पाय गुडघ्याखाली काढला. तिची मुलगी सांगत होती, ॲम्ब्युलन्सवाला नवखा, मोबाइल दाखवेल तसा तलावामागून थेट आला. मेन रोडने आला असता तर आई हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.
बाहेर जिन्यात बसून राहिलो. टँकर आणला त्याच बदलाने ॲम्ब्युलन्सही आणली, कुणाला सांगू हे?

९ जुलै
अक्का शुद्धीत. हळूहळू बोलते.
“सर, तुम्ही कम्प्युटरवाले. त्या गाड्या बंद करायला कुणाला सांगायचं असतं?”
“बघतो, अक्का.”
“सरी,” म्हणाली, म्हणजे ठीक. डोळे मिटले. उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवली नि निघालो.

१० जुलै
व्यं.ने ग्रुपवर मतं मागवली. दोन ‘दुय्यम’, दोन ‘वस्तीतला’. मला वेगळा मेसेज: “तू तिथे राहतोस. तू ठरव, मी उलटवणार नाही.” शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
दुपारपासून तेच पान उघडं. दोन्ही श्रेणी निवडून पाहिल्या. ‘बदलाचं कारण’ हा रकाना रिकामा. अक्काचं नाव लिहिलं, दोन्ही श्रेणींना कारण तेच. पुसलं. परत लिहिलं.