महाशीर मोहीम आणि घरचे फितूर

१२ ऑक्टोबर
ठरलं! सातपुड्याच्या जंगलात नदीकाठचा लॉज. चार दिवस. महाशीर मासा गळाने पकडायचा, फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा. म्हणजे घरच्या सोवळ्यालाही धक्का नाही. बरोबर बालमित्र दत्तू. लीडर अर्थात मी. दत्तू लगेच हो म्हणाला, फक्त तारीख सांग म्हणाला. सगळा जन्म रेल्वेच्या नोकरीत काढला, टाइमटेबलशिवाय हलत नाही.

१५ ऑक्टोबर
रॉड आणि रीळ आले. बायकोने, म्हणजे जयूने विचारलं, घरात पाल दिसली की तुम्ही पलंगावर चढता, मासा हातात कोण धरणार? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१९ ऑक्टोबर, सकाळी
गच्चीवर सराव. सगळा खेळ मनगटाचा. तिसऱ्याच फेकीला शेजारच्या मंगलावहिनींची वाळत घातलेली साडी गळाला लागली. अंतर बघता फेक उत्तम होती. वहिनींना स्पोर्ट्समधलं काही कळत नाही.

२५ ऑक्टोबर
गावातल्या नदीवर, राम घाटावर माशांचा अभ्यास. लोक कणकेच्या गोळ्या टाकत होते. मीही हात पाण्यापाशी नेला. एका माशाने बोट चाखून बघितलं. मी शांतपणे मागे सरलो. जयू म्हणते, किंचाळलात, पंडेसुद्धा वळून बघत होते. तिला अतिशयोक्तीची सवय आहे.

२ नोव्हेंबर
दत्तू तारीख विचारतोय. दिवाळी तोंडावर आली, काय तारीख देणार?

१३ नोव्हेंबर
दिवाळी झाली. दत्तू परत तारीख. आता त्याची बायको वासंतीवहिनीही विचारते. कार्तिकी पौर्णिमा होऊ दे म्हटलं. चांदण्यात मासे सावध असतात. कुठेतरी वाचलंय. किंवा मीच म्हटलं असेल.

२५ नोव्हेंबर
दत्तूने परस्पर बुकिंग केलं! चौघांचं! शनिवारी पहाटे निघू, तू फक्त हो म्हण, म्हणाला. म्हटलं, लाइफ जॅकेट आलं की सांगतो. अजून ऑर्डर केलेलं नाही. रंग ठरत नाहीये.

२८ नोव्हेंबर, शनिवार
विश्वासघात. सरळ सरळ विश्वासघात! दत्तू गेला, वासंतीवहिनी गेली आणि जयूही गेली. माझी टोपी घालून! तुमचीपण बॅग भरलीय, उठा, असं म्हणाली खरी. पण लीडरला असं उठवतात? मी निषेध म्हणून पांघरूण डोक्यावर ओढलं. खाली दत्तू हॉर्न वाजवत होता. मग वाजवेनासा झाला.

२९ नोव्हेंबर
जयूचा फोटो आला. दोन्ही हातांत हा एवढा महाशीर. ती इतकं हसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नाही. वाईट वाटलं. खूपच वाटलं. हे स्वप्न माझं होतं.
संध्याकाळी तिचा फोन. म्हणाली, तुम्ही हवे होतात. सकाळी देवास गेटच्या बसस्टँडवरून बस आहे, उतराल तिथे दत्तूभाऊजी गाडी घेऊन येतील. मासा नका धरू, पाण्यात नका उतरू, नुसते काठावर माझ्याजवळ बसा. मी म्हटलं, येतोच. मनापासून म्हटलं.

३० नोव्हेंबर
देवास गेटला वेळेच्या आधी हजर. बॅग बरोबर. बस उभी. रिकाम्या पोटी प्रवास नको म्हणून समोर पोहे-जिलबी घेतली. कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, बाबूजी, चलना है क्या? बघतो म्हटलं. बस सुटताना पायरीवरून परत ओरडला, आ जाओ बाबूजी, जगह है! मी प्लेट खाली ठेवेपर्यंत गेलीसुद्धा. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर चढलो असतो. पण आजकाल कुणाला तेवढा धीर आहे?
घरी येऊन जयूला फोन केला. बस फुल होती म्हणून सांगितलं.
बरं, म्हणाली. पुढे काहीच विचारलं नाही तिने.