मशीन बरोबर आहे

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार
१७८/१०६! उपकेंद्रातल्या पौर्णिमा सिस्टरने बीपी दोनदा मोजलं. "काका, कायचं टेन्शन घेता एवढं? रिटायर झाले ना आता?" म्हटलं, बाई, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माणूस रिटायर होते, टेन्शन होते का?

गोळी सुरू झाली. मीठ बंद. लोणचंही! आणि म्हणाली, मनात साठवून ठेवू नका, घरी बोला, नाही तर वहीत लिहा. आमच्या मुलीची, मंजूची, शाळेतली एक वही निम्मी कोरी सापडली. दोन्ही करून बघतो.

६ नोव्हेंबर
काल आणि आज संध्याकाळी गोमतीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. शेजारच्या शेतातल्या भाऊसिंगने यंदाही धुरा कोरून बांध आमच्याकडे सरकवला, ते. साहेबाने दिलेला मेमो. २००९ चं माझं सस्पेन्शन, तेही पहिल्यापासून — ज्या बाईचं तिकीट फाडायचं राहिलं, तिथपासून. गोमती तांदूळ निवडत "मंग?" म्हणत होती. ऐकते चांगली. बायको असावी तर अशी! झोप मस्त लागली.

११ नोव्हेंबर
१६०/९८. उतरलं! सिस्टर म्हणाली, असंच चालू द्या. गोमती माझी पिशवी धरून बाहेर बाकावर होती. सिस्टरने तिलाही आत बोलावलं. "मले काय धाड भरली?" म्हणाली आणि उठलीच नाही.

१५ नोव्हेंबर
शेतात भाऊसिंगशी वाजलं. घरी आलो तो चुलीपाशीच सुरू झालो. गोमती ऐकत राहिली, भाकर करपली. मग तिच्यावरही ओरडलो. नंतर हलकं वाटलं. खरं लिहायचं तर फार हलकं वाटलं.

१८ नोव्हेंबर
१४६/९०. गोमती म्हणते डोकं ठणकते. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

२ डिसेंबर
लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

माझं १२८/८२ आलं. सिस्टरचा विश्वास बसेना. "मशीन बिगडली का काय? काकू, इकडं या बरं, तुमच्या हाताले लावून पायतो." गोमती नको नको म्हणत बसली. पट्टा फुगला. सिस्टरने आकडा पाहिला. पुन्हा लावला. मग दुसऱ्या हाताला. मग हळूच म्हणाली, मशीन बरोबर आहे.

गोमतीचं २०४/११६.

"काकू, तुमाले कायचं टेन्शन हाये?"

गोमतीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "छत्तीस वर्षं झाले," म्हणाली, "हे रोज संध्याकाळी घरी येतात."

सिस्टरला आधी हसू आलं. मग तिने ते गिळलं आणि रजिस्टर ओढलं.

४ डिसेंबर
मुलगी वाशिमहून आली. दवाखान्यात दाखवून मंजू आईला आपल्या घरीच घेऊन गेली. डॉक्टर म्हणे, बरं झालं आत्ताच सापडलं, नाही तर मेंदूची नस... मंजूने पुढचं सांगितलं नाही. निघताना गोमतीने गोळ्यांच्या वेळा नीट समजावून सांगितल्या. माझ्या गोळ्यांच्या!

६ डिसेंबर
विहारात एकटाच गेलो. अभिवादन झालं, वंदना झाली. जो तो विचारत होता, वहिनी कुठं? तब्येत बरी नाही म्हटलं. तिचा रागही आला. छत्तीस वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतं, बस करा! पण म्हणाली असती तर मी काय केलं असतं? ओरडलो असतो, दुसरं काय.

११ डिसेंबर
सकाळी गोमतीला फोन लावला. तब्येत विचारायलाच लावला होता. पण धुऱ्याचा विषय निघाला आणि पाऊण तास गेला. ती "हो" आणि "मंग" एवढंच म्हणत होती.

तासाभराने मंजूचा फोन. "बाबा, उठल्यावर आईचं एकशे बेचाळीस होतं. तुमचा फोन झाल्यावर मोजलं तं एकशे अठ्ठ्याऐंशी. काहून असं करता तुमी?" म्हटलं, गोळी चुकली असेल. "गोळी मी माह्या हातानं देतो," म्हणाली आणि फोन ठेवला.

मारहाण मी कधी केली नाही, दारूला शिवलो नाही. गावात माझा दाखला देतात.

१२ डिसेंबर
फोन केला नाही.

१३ डिसेंबर
नाही केला. जीभ नुसती वळवळते.

१६ डिसेंबर
माझं १७०/१०२. गोळी रोज घेतो. सिस्टरने विचारलं, घरी बोलता ना काका? हो म्हटलं.

२६ डिसेंबर
मंजूचा फोन. आईचं १३०/८२, पंधरा दिवस झाले, चढलंच नाही. गोळ्या त्याच. मग गोमतीने फोन घेतला. "जेवता ना बराबर? मी येऊ का सोमवारी?"

नको म्हटलं. कारण सांगितलं नाही. तिच्या सगळ्या साड्या गाठोड्यात बांधल्या आणि वाशिमच्या गाडीत ओळखीच्या ड्रायव्हरजवळ दिल्या.