आजोबांच्या घरची पाहुणी

श्री

तंजावूर, २९ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप वरलक्ष्मीअक्कास,
धाकट्या अंबाचा शि. सा. न. वि. वि.

पोचले. धड आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हा लिहिण्याचा उपद्व्याप. बाबांनी इपोच्या दुकानात पोत्यावर बसवून अक्षरं गिरवून घेतली तेवढीच माझी शाळा, तेव्हा चुका काढत बसू नकोस. भुवना, म्हणजे अप्पाजीकाकांची सून, कागदाचा फोटो काढून तुझ्या लेकीला पाठवते. तिला आपली भाषा फाडफाड बोलता येते, पण नागरी वाचता येत नाही. म्हणून तिच्याबद्दलही बिनधास्त लिहीन.

गुरुराजआजोबा इथून बोटीनं मलायात, इपोला, गेले ते गेलेच. मी तीच वाट उलटी आले. विमानात धड डोळा लागला नाही तोच उतरा म्हणाले.

अक्का, राजवाड्यामागच्या गल्लीत रिक्षातून उतरले, तर एक अनोळखी बाई नळावर पोराला रागवत होती, ती थेट आपल्या आईच्या शब्दांत. हेलसुद्धा तोच. इपोत घराचा उंबरा ओलांडला की ही भाषा संपायची. मला वाटायचं ती आपल्याच चुलीवर शिजते. इथे ती रस्त्यानं हिंडते! पेटी हातात धरून ऐकत उभी राहिले, तर काय हवंय म्हणून बाई माझ्यावरच खेकसली.

काल मोठ्या देवळात गेले. एवढा दगड माणसांनी आभाळात कसा चढवला असेल, देव जाणे. माझं तोंड बंद झालं. मानतेस का?

पण एक खुपतंय. मी इथे पाहुणी आहे. या, बसा, कापी घ्या. स्वयंपाकघराशी गेले की अप्पाजीकाकांच्या बायको, मंगलाकाकू, गोड हसून बाहेर पाट मांडतात. जन्मभर खाणावळ चालवलेली बाई मी, मला कोणी कोथिंबीर निवडू देत नाही. नवरात्रात देवीच्या नैवेद्याला घरच्याच बायकांचा हात लागतो म्हणे. तेव्हा कळेल मी यांची कोण. कोणीच नसेन, तर पेटी उचलते आणि परत येते. दुसऱ्याच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या कट्ट्यावर, बसून म्हातारी व्हायला मी आलेली नाही.

लोभ होता तेवढा राहू दे. वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझी अंबा

•

इपो, ४ सप्टेंबर

चि. अंबास,
अ. उ. आ.

लेकीनं पत्र मोठं करून दाखवलं. कागदावरून कोंबडी धावत गेल्यासारखं अक्षर आहे, पण वाचलं. दोनदा वाचलं.

अगं, एवढी घाई कसली? आजोबांच्या धाकट्या भावाचा मुलगा म्हणून तुझ्या लेखी ते काका, पण माझ्या लेकीनं शोधून काढेपर्यंत आपण जगात आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आल्या आल्या हातात झारा कोण देईल? तरी तुझी खोली मी तशीच ठेवली आहे. खाणावळ विकताना मला विचारलं नाहीस, खोलीचं मी तुला विचारणार नाही.

एक काम कर. तंजावूरचं नाव निघालं की आजोबा जेवता जेवता उठून जायचे, असं बाबा सांगायचे. का, ते बाबांनाही कळलं नाही. तिथे कोणाला माहीत असलं तर विचार. ओरडून नको.

गुडघ्यांना तेल लाव. माया आहेच, ती काय कागदावर लिहायची!

तुझी अक्का

•

तंजावूर, १५ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल अप्पाजीकाकांनी महालय घातला. शास्त्री गेलेल्यांची नावं घेत होते, काका पिंड ठेवत होते, मी दाराशी ऐकत बसले होते. एकदम नाव आलं, गुरुराज.  इपोत त्या नावाचं कोणाला काय? आणि इथे त्या नावानं दर वर्षी पाणी सुटतंय. मी रडले. हो, मी.

नंतर पानावर बसल्यावर विचारलं, आजोबा वारल्याची बातमी तुम्हाला कधी लागली. काकांनी भात कालवायला घेतला. मग मंगलाकाकूंनी सांगितलं, बातमी कधी आलीच नाही. आजोबा बोटीत चढले त्याच दिवशी पणजोबांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. समुद्र ओलांडला तो मेला, म्हणून सगळे विधी उरकले, आणि तसं मलायाला लिहून कळवलं. तिकडे आजोबांचं लग्न झालं, बाबा झाले, तुला खांद्यावर घेऊन ते बाजारात फिरले, आणि इकडे त्यांचे पिंड!

मी पानावरून उठणारच होते. मग मनात आलं, रागानं सुरू केलं खरं, पण नंतर कोणी चुकवलं नाही. यांनी त्यांना पाहिलंही नव्हतं, तरी घास ठेवला. एवढं कोण कोणासाठी करतं, अक्का? उठले नाही. ताक मागितलं.

आता गोम कळली. यांच्या लेखी आजोबा तरुणपणी, बिनलग्नाचे गेले. मग नात कुठून आली? देवीपुढे मला कोण म्हणून उभी करायची, हेच काकांना सुचत नाही. शास्त्रींना विचारतो म्हणाले. घट बसायला आठवडा उरलाय. मला वाट बघता येत नाही हे तुला माहीत आहे.

आठवण काढत जा, शिव्या देऊन का होईना.

अंबा

•

इपो, १७ सप्टेंबर

चि. अंबास आशीर्वाद.

पत्र वाचून देवापुढे नुसती बसून राहिले. बापानं जिवंतपणी पाणी सोडलं हे आजोबांना माहीत होतं, आणि कोणाला न बोलता ते म्हातारे झाले. घास कसा उतरेल गं?

शास्त्री नाही म्हणाले तर भांडू नकोस. पाया पड आणि ये. हो म्हणाले तर मला आधी कळव. जीव टांगणीला आहे.

तुझीच,
अक्का

•

तंजावूर, २३ सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

शास्त्री पोथी बघून आले. मेला समजून ज्याचे विधी झाले तो दारात उभा राहिला, तर नव्यानं जन्मला असं धरायचं, तुपानं न्हाऊ घालायचं, बारसं करायचं. पण ते त्या माणसाचं. नातीचं कुठे लिहिलेलं नाही म्हणाले.  मी पेटी कुठे ठेवली ते आठवायला लागले.

तेवढ्यात मंगलाकाकू आतून आल्या. म्हणाल्या, थोरल्या मामंजींना परत येववलं नाही म्हणून त्यांनी हिला पाठवली. इथून गेलेलं रक्त आपल्या पायांनी चालत आलंय, आणि तुम्हा पुरुषांना पोथीत जागा सापडेना. शास्त्रींनी पोथी मिटली आणि मग हिचंच बारसं करा म्हणाले.

काल घट बसायच्या आधी मला परसात बसवून डोक्यावर तूप थापलं. केस पिकलेलं, गुडघे दुखणारं बाळ! भुवना हसून हसून लोळायची बाकी होती. पाळण्यात मी मावणार कुठून? खाली पाटावर बसले आणि कडेला नुसतं डोकं टेकवलं. एकदा आटोपा, असं झालं होतं. मग गल्लीतल्या बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. काकू वाकल्या, कानात कुर्र केलं आणि अंबा म्हणाल्या. जन्मभर हाका ऐकून गुळगुळीत झालेलं माझंच नाव. पण अक्का, ते पहिल्यांदाच कोणी मला दिलं. हात जोडावे का काय करावं, कळेना. 

नंतर तशीच उभी राहिले तर काकू आतून ओरडल्या, नैवेद्य काय देवी स्वतः रांधणार आहे का. धावले. खोबऱ्यात करवंटीचा काळा कीस आला, तर सगळ्यांदेखत बोलल्या, इपोत हेच शिकवलं का म्हणून. खाणावळीत कोणी असं बोललं असतं तर मी झारा फेकून मारला असता. इथे पुन्हा खवायला बसले, आणि डोळे आपले वाहताहेत.

मी आता येत नाही. तूच ये. तुझं बारसं व्हायचंय, तोवर तू पाहुणी. स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाही. मी तर मुळीच नाही.

जीव लावतेस तसा लावत राहा.

घरची अंबा