देवाआधी हुंगायला दिलेलं फूल

माय, त्या दिवशी सकाळी पूजेला बसण्याआधी मी परडीतला एक मोगरा उचलला आणि पोरीच्या नाकाशी धरला. तू असतीस तर माझा हात झटकला असतास. लहानपणी मी शेजाऱ्यांच्या कुंपणावरचा गुलाब नुसता नाकाजवळ नेला, तर तू तो ओढून घेऊन गाईपुढं टाकलास. "उष्टं केलंस की रं मुडद्या! देवाआधी तुलाच घाई?" मग पूजा झाल्यावर देवावरचं कालचं फूल काढून माझ्या तळहातावर ठेवलंस आणि म्हणालीस, "आता हुंग, किती हुंगायचं ते." तीच रीत मी आजवर पाळली, पोरीलाही लावली. त्या सकाळी पहिल्यांदा मोडली.

"वास घे," मी म्हणालो. पोर मागं सरकली. "देवाचं हाय ना पप्पा?" "असू दे. आज घे." तिनं फुलाकडं पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघत नाक फुरफुरवलं आणि म्हणाली, "छान हाय." मग मी तिला डोळे मिटायला लावून सोललेला लसूण धरला. तिनं एक डोळा किलकिला करून पुन्हा माझंच तोंड पाहिलं. लसूणही छान होता.

तू हिला पाहिलेलं नाहीस. आमचं उशिराचं लेकरू, सहा वर्षांची आहे. त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी तिची आई दळण आणायला गेली होती आणि गॅसचं बटण नीट बंद झालं नव्हतं. पोर स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून चित्र रंगवत होती. शेजारची वहिनी दारातूनच ओरडत आत आली, खिडक्या उघडल्या, पोरीला बाहेर ओढलं. "नाकात बोळे घातलेत का गं भवाने? अख्ख्या गल्लीला वास येऊन राहिला!" पोर म्हणाली, "कसला?" मी दुकानातून घरी आलो तेव्हा वहिनी हे हसून सांगत होती. मला हसू आलं नाही. रात्रभर ते "कसला" डोक्यात राहिलं.

त्यानंतर मागचं एकेक आठवायला लागलं. रोज सकाळी पोरच फुलं तोडते. कधी एक फूल नाकाला लावलं नाही. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, आमच्या लेकराला सांगावं लागत नाही, देवाचं देवाला ठेवते. पूजेनंतर तुझ्यासारखंच मी तिला फूल द्यायचो, ते ती तसंच फ्रॉकच्या खिशात टाकायची. आणि दुसरं. इथं अहमदपुरात मी खताबियाण्याच्या दुकानात कामाला आहे. फवारणीच्या औषधांचा वास अंगाला असा चिकटतो, की बायको मला उंबऱ्यावरच थांबवते, आधी अंघोळ म्हणते. पोर मात्र धावत येऊन गळ्यात पडते, सदऱ्यात तोंड खुपसते. मी समजायचो, हिची माया जगावेगळी. माया असेलही, माय. पण आता ती गळ्यात पडली की मला आधी ते "कसला" आठवतं, आणि मी मुकाट अंघोळीला जातो.

लातूरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधून कॉफी, लवंग, साबण असं काय काय नाकाशी धरलं. पोरीनं सगळ्याला साबण म्हटलं, कारण टेबलावर आधी तिला साबण दिसला होता. पोरीला बाहेर बसवून बाई म्हणाल्या, नाकात अडथळा काही दिसत नाही, जन्मापासूनचं असावं, एकदा मशिनीत डोक्याचा फोटो काढून खात्री करू. घरात गॅसचा अलार्म बसवा, शिळंपाकं तुम्हीच बघून द्या. आणि निघताना म्हणाल्या, "तिला सांगितलंय का?"

पोर झोपल्यावर बायकोनं बसमध्येच सांगून टाकलं, "आवं, तिला सांगू नका. शाळंत एकदा बोलून गेली की पोरं बिननाकाची म्हणून चिडवतील. उद्या लग्नाला हेच आडवं येईल. मोठी झाली की कळंल तिचं तिला." तिचं अगदीच चुकीचं आहे असं मला म्हणता आलं नाही. पण त्यानंतर घरात जेवायला बसलं की मी पोरीकडंच बघत राहायचो. आईनं फोडणी दिली की ही आधी आमची तोंडं बघणार, मग म्हणणार, "काय मस्त वास सुटलाय." कुणी नाक मुरडलं की हीपण मुरडणार. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं वाचणारं लेकरू बघून मी फार थकलो, माय. दुकानातल्या पोत्यांनी थकत नाही एवढा.

फोटोचा अहवाल आणायला परवा मी आणि पोर दोघंच गेलो. बाईंचा अंदाज खरा निघाला. परतताना लातूरच्या स्टँडवर बाकावर बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं संत्रं सोललं, मी सहज श्वास घेतला, आणि लगेच पोर म्हणाली, "किती छान वास!" मग मला राहवलं नाही. तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "बाळा, तुला वास येत नाही. जन्मापासूनच येत नाही. आम्हाला येतो. तू काही चुकली नाहीस. इथून पुढं आला म्हणायचं नाही."

तिनं म्हाताऱ्याच्या हातातल्या संत्र्याकडं पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे तुम्हाला सगळ्यांला खरंच येतो?"

"हाव."

"आईला बी?"

"आईला बी."

"मला वाटलं, नुसतं म्हणायचं असतं. नैवेद्य दाखवल्यावर आपण देव जेवला म्हणतो, तसं."

माय, चाळीस वर्षं मी देवापुढं ताट ठेवत आलो आणि देव जेवला म्हणत आलो. गाडी लागली म्हणून उठलो. तिनं खिडकीची जागा मागितली, वाटेत एकदा विचारलं, "आता कुनी विचारलं तर न्हाई येत म्हनू?" मी हो म्हणालो. मग माझ्या दंडावर डोकं टाकून झोपली.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहायला धीर झाला. मी तिला सांगितलं. पण सांगितलंय हे बायकोला सांगायचं अजून माझ्याच्यानं झालेलं नाही. आज जेवताना पोरगी भाजीच्या वासाचं काहीच बोलली नाही, तेव्हा बायकोनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो.